कुंपणापलीकडचा पाऊस

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या खाडीकाठच्या गावात जो तो हवामान खात्याचा साहेब होतो. मशिदीच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर, वर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत एकच चर्चा. कापणी काढावी की चार दिवस थांबावं? परतीचा पाऊस गाठणार की सोडणार? कुणी वारा हुंगतो, कुणाचा गुडघा ठणकतो, कुणाला मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढताना दिसतात. अंदाज चुकला म्हणून कुणी तोंड लपवत नाही. काल चुकलेला माणूस आज तितक्याच ठसक्यात नवा अंदाज ठोकून देतो. मी त्यांच्यात बसतो, चहा पितो आणि गप्प राहतो. "सौदीत राहून इब्राहिमभाईंची जीभ सुकली," असं माझ्या पाठीमागे म्हणतात. कधीकधी तोंडावरही म्हणतात. म्हणोत बापडे.

जीभ सुकलेली नाही. एकदा ती फार सैल सुटली होती, एवढंच.

ह्याच दिवसांना तिकडे वस्म म्हणतात. ऑगस्ट सरता सरता पहाटे दक्षिणेला सुहैल नावाचा तारा दिसायला लागतो. आपल्याकडे त्यालाच अगस्ती म्हणतात; शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं की अगस्ती उगवला की पावसाळा संपत आला आणि नद्यांचं पाणी निवळलं. तोच तारा, पण तिथले बदू, म्हणजे वाळवंटात उंट राखत फिरणारे लोक, तो दिसला की पावसाची वाट बघायला लागतात. पुढे ऑक्टोबरच्या मध्याला वस्म सुरू होतो. त्या काही आठवड्यांत एकदोन चांगल्या सरी पडल्या तर वाळूतलं बी उठतं, गवत येतं, आणि वाळवंट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तग धरतं. नंतर कितीही पडला तरी त्या पावसाला वस्मची सर नाही, असं आमचा तिथला राखणदार अबू सालेह सांगायचा. आमचं संपणं ते त्यांचं सुरू होणं. मला ह्या गोष्टीची तेव्हा गंमत वाटायची.

मी तिथे तारेचं कुंपण सांभाळायला होतो. गेलो होतो ड्रायव्हरच्या व्हिसावर. जेद्दाला उतरलो, तिथल्या शराफिया वस्तीत गावच्या माणसांबरोबर एका खोलीत महिनाभर काढला, आणि मग कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या मालकाने, उत्तरेला हाइलकडे पाठवून दिलं. शहर मागे पडलं, गव्हाची शेतं मागे पडली, डांबरी रस्ता संपला, आणि पुढे मैलोन्‌मैल एक जाळीचं कुंपण दिसायला लागलं. माणसापेक्षा उंच. आत काय आहे म्हणून मी विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "जनावरं." मला वाटलं, आलो मेंढ्या राखायला. नशिबात असेल ते असेल, म्हणून पेटी उतरवली.

मेंढ्या नव्हत्या. ऑरिक्स होते, वाळवंटातली हरणं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खरंच दोन पावलं मागे सरलो. एवढ्या रखरखाटात इतकं पांढरं काही असू शकतं ह्यावर डोळ्यांचा विश्वास बसेना. खोंडाएवढं अंग, चुन्यासारखं पांढरं, पाय मात्र चिखल तुडवून आल्यासारखे काळपट, आणि डोक्यावर दोन सरळ लांब शिंगं. बाजूने पाहिलं की दोन्ही शिंगं एकच दिसायची. एके काळी ह्या सगळ्या मुलखात ते होते. मग बंदुका आल्या, जीपगाड्या आल्या, आणि माणसांनी त्यांना दमवून दमवून शेवटचा उरेपर्यंत मारलं. परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत थोडे शिल्लक होते, त्यांची वीण वाढवून ती पेट्यांतून इथे परत आणलेली. आमच्या कुंपणाच्या आत बकऱ्या नाहीत, उंट नाहीत, बंदूक नाही. माझं काम एवढंच, की रोज पिकअपमधून कुंपणाच्या कडेने जायचं, तार सुटली असेल तिथे बांधायची, खालची वाळू वाहून गेली असेल तिथे दगड भरायचे. बाहेरचं आत येता कामा नये आणि आतलं बाहेर जाता कामा नये. नऊ वर्षं मी ते काम चोख केलं.

मी गेल्यावर दोन वर्षांनी डॉक्टर आला. गुरांचा डॉक्टर, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला, लाल तोंडाचा, उन्हाने सतत सोललेल्या नाकाचा. नाव मार्टिन, पण आम्ही सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचो. माणूस दिलदार. माझ्या खोलीत खाली बसून डाळ आणि खबूस, म्हणजे तिथली रोटी, खायचा आणि शराफियातून आणलेलं सुकट भाजलं की नाक न मुरडता "अजून आहे का?" विचारायचा. त्याने मला बीव्हरची गोष्ट सांगितली. त्याच्या गावामागून एक ओढा वाहायचा. कातडीच्या लोभाने तिथले बीव्हर लोकांनी फार पूर्वी मारून संपवले होते. तो लहान असताना दुसरीकडून काही जोड्या आणून त्या ओढ्यात सोडल्या. उंदराच्या जातीचा, पण कुत्र्याएवढा, चपट्या शेपटीचा प्राणी. दातांनी झाडं पाडतो, फांद्या आणि चिखल रचून पाण्याला बांध घालतो. बघता बघता धावणारा ओढा थांबला, पसरला, कडेला दलदल झाली, बेडूक आले, मासे आले, पाखरं आली. "नदी दुरुस्त करायला आम्हाला इंजिनिअर लागला नाही," तो म्हणायचा. "जे जनावर तिथून घालवलं होतं तेच परत आणलं."

मी त्याला आमच्या बांधांचं सांगितलं. पाऊस संपला की सगळं गाव वहाळावर जमतं, दगड, माती, पाला रचून पाणी अडवतं, दुपारी तिथेच जेवण होतं, आणि मार्चपर्यंत विहिरींना पाणी टिकतं. डॉक्टरने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे इब्राहिम, तू बीव्हर आहेस." पुढे कितीतरी दिवस तो मला त्याच नावाने हाक मारत होता. शुक्रवारी फोनवर मी हे हमीदाला, माझ्या बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिकडं जाऊन उंदीर झालाव होय! बरं झालं."

डॉक्टरचं म्हणणं, ऑरिक्सही तसंच करतील. ते बाभळीच्या शेंगा खातील, लेंड्यांतून बी पेरतील, खुरांनी वाळूवरचा कडक पापुद्रा फोडतील, मग पडलेलं पाणी वाहून न जाता मुरेल, वादीत, म्हणजे तिथल्या कोरड्या नदीत, पुन्हा झाडं उभी राहतील. आणि तसं होतही होतं. कुंपणाच्या बाहेर उघडी जमीन आणि आत गवताचे झुपके, हे मी रोज एकाच काचेतून बघत होतो. त्या गवताचा मला अभिमान होता. माझ्या तारेमुळे उगवलं असं मी मनात धरून होतो.

मग दोन वर्षं वस्म कोरडा गेला. पहिल्या वर्षी थोडा शिंतोडा तरी झाला, दुसऱ्या वर्षी तोही नाही. मागोमाग आलेला उन्हाळा मी विसरू शकत नाही. ऑरिक्सला रोज पाणी लागत नाही, गवतातल्या ओलीवर तो जगतो. पण गवतच हाडासारखं वाळलं. जनावरं बाभळीखाली दिवसभर खड्डा करून पडून राहायची. बरगड्या मोजता येतील अशी झाली. त्यांचा पांढरा रंगही मळला. ऑगस्टपासून मेलेली सापडायला लागली, आज एक, परवा दोन. डॉक्टर प्रत्येकाचं पोट फाडून बघायचा. आत वाळू निघायची, काड्या निघायच्या, एकदा प्लॅस्टिकची पिशवी निघाली. त्याचं बोलणं कमी झालं. मला बीव्हर म्हणणं त्याने कधी बंद केलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

चारा घालायचा नाही, असा तिथला नियम होता. आयता चारा मिळाला की रानटी जनावर पाळीव होतं, एका जागी गर्दी करतं, रोग पसरतो. डॉक्टरलाही तो नियम पटलेला होता. पण सप्टेंबरात त्याने वरच्या कचेरीत पत्रांवर पत्रं पाठवली, फोनवर भांडला, आणि अखेर परवानगी काढली. हाइलच्या शेतांवरून बरसीमच्या गठ्ठ्यांचे ट्रक यायचे ठरले. त्या हिरव्या चाऱ्यावर उरलेली जनावरं वस्म येईपर्यंत टिकली असती. परवानगी आली त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने आम्हा सगळ्यांना चहा करून पाजला. फार वाईट झाला होता.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ढग आले.

ते ढग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. नैऋत्येकडून आले, खालून काळे, वरून फुलकोबीसारखे. वाऱ्याला ओल होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या मानेवर घाम चिकटला आणि मला एकदम घर आठवलं. कुंपणाजवळ चंडोल पाखरं धुळीत लोळत होती, पंख फडफडवून अंगावर माती उडवत होती. पाखरं धुळीत नाहायला लागली की पाऊस जवळ आला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आता सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. तिथली चंडोलं रोजच धुळीत नाहतात. दुसरं कशात नाहणार, पाणी आहे कुठे? नऊ वर्षं मी ते रोज बघत होतो. त्याचा अर्थ लावायची वेळ तोवर कधी आली नव्हती, आणि आली तेव्हा मी तो कोकणातून आणून लावला.

डॉक्टर माझ्याकडे आला. तो पेचात होता. पाऊस येणार असेल तर ट्रक आणण्यात अर्थ नाही; वादीत चिखल होईल, ट्रक अडकतील, आणि चाऱ्याची चटक लागलेली जनावरं नवं गवत आलं तरी तिथेच घुटमळतील. पाऊस येणार नसेल तर एक दिवसही घालवणं धोक्याचं. "इब्राहिम, तू पावसाच्या देशातला आहेस," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

नऊ वर्षांत मला तिथे कुणी काही विचारलं नव्हतं. तार बांध, दगड भर, यल्ला, चल लवकर, एवढंच ऐकलेलं. आणि आता एवढा शिकलेला माणूस, सोललेलं नाक वर करून आभाळाकडे बघत, मला विचारत होता. मी वारा हुंगला. चंडोलं दाखवली. मोठ्या रुबाबात दोन बोटं वर केली. "दोन दिवस," मी म्हणालो. "जास्तीत जास्त दोन दिवस. थांबा तुम्ही."

आमच्याकडे खाडीपलीकडच्या गावात सर दिसली की दोरीवरचे कपडे काढेपर्यंत ती आपल्या अंगणात असते. पाऊस शेजारच्या गावाला भिजवून आपल्याला कोरडं ठेवील, हे कोकणातल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. पाऊस सगळ्यांचा असतो, अशी आमची समजूत. डॉक्टरने फोन करून ट्रक थांबवले.

पाऊस आला. दुसऱ्याच दिवशी दुपारी आला. कुंपणाच्या पलीकडे, उत्तरेला, नजरेच्या टप्प्यात. ढगातून राखाडी पडदा जमिनीपर्यंत उतरलेला दिसत होता, मधूनच वीज चमकत होती, आणि ओल्या मातीचा वास आमच्यापर्यंत आला. मी पिकअपच्या टपावर चढून बघत होतो, आता सरकेल, आता सरकेल. तासाभरात ऊन पडलं. ढग गेले ते गेले. आमच्या बाजूला वाळूवर एक ठिपकासुद्धा उमटला नाही.

पण वास आला होता, आणि तो माझ्याआधी त्यांना आला होता. ऑरिक्सची सगळी विद्या त्याच्या नाकात आणि पायांत. पाऊस कुठे पडला ते त्याला लांबून कळतं, आणि मग तो उठतो आणि चालायला लागतो. हजारो वर्षं तो असाच जगला, पडलेल्या पावसामागे चालत. मी पुढे ह्यावर पुष्कळ विचार केला. बीव्हरला कुंपणात कोंडलं तरी तो आतल्या आत पाणी अडवील, त्याची कारागिरी त्याच्या दातांत आहे. ऑरिक्सला पाणी अडवता येत नाही, त्याला पाण्याकडे जाता येतं. आम्ही त्याला त्याचा मुलूख परत दिला, बंदुकीपासून वाचवलं, गवत दिलं आणि चालणं तेवढं काढून घेतलं. डॉक्टरसारख्या हुशार माणसाच्या हे ध्यानात नसेल असं नाही. कुंपण काढलं तर बाहेर बंदुका होत्याच. काय करायचं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळपर्यंत बाभळींखालची सगळी जनावरं उठून उत्तरेच्या कुंपणाशी आली. ज्यांना उभं राहवत नव्हतं तीही आली. जाळीला नाक लावून उभी राहिली, मग कुंपणाच्या कडेने चालत जायची, वळायची, पुन्हा परत यायची. रात्रभर, मग दुसऱ्या दिवशीही. त्यांच्या येण्याजाण्याने जाळीलगत एक पायवाट पडली. आवाज काही नाही. गाय हंबरते, बकरी ओरडते, माणूस निदान देवाला शिव्या देतो. हे जनावर मुकाट चालतं. पलीकडे काही मैलांवर ओली जमीन होती, आणि चारपाच दिवसांत तिथे हिरवी छटा दिसायला लागली. ती मला दुर्बिणीतून दिसली. त्यांना दुर्बीण लागत नव्हती.

एका जागी त्यांनी खुरांनी जाळीखालची वाळू उकरली होती. अजून हातभर उकरली असती तर एखादं बाहेर सरकलं असतं. मी नेहमीप्रमाणे पिकअप थांबवली, दगड उतरवले, खड्डा भरला, तार पिळून बांधली. जनावरं बाजूला उभी राहून बघत होती. काम संपवून हात झाडले तेव्हा मला कळलं की मी काय केलं. कळूनही मी ते दगड काढले नाहीत. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, कफील, नोकरी, घरी चार तोंडं, सगळं एकदम आठवलं, आणि मी गाडीत बसलो.

पाऊस हुकला त्याच संध्याकाळी डॉक्टरने ट्रक पुन्हा मागवले होते. पण तो चारा तोवर दुसऱ्या कुठल्या मेंढवाड्यावर गेला होता. नवा यायला आठवडा लागला. आला तेव्हा आम्ही बाभळींखाली गठ्ठे सोडले. एकही जनावर तिकडे फिरकलं नाही. मग कुंपणाशी नेऊन टाकले. काहींनी खाल्लं, आणि उपाशी पोटाला तो हिरवा चारा सोसला नाही, ती फुगून मेली. बाकीची चालत चालत एकेक करून बसली. डॉक्टर एका मादीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, भर उन्हात, टोपीशिवाय. तिच्या तोंडात बाटलीने पाणी घालत होता आणि ते दुसऱ्या बाजूने गळत होतं. मी त्याच्यापासून थोड्या अंतरावर उभा राहिलो. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि एकदाही मला दोष दिला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच्या अहवालात दुष्काळ असं कारण लिहिलं होतं. ते खोटंही नव्हतं. हिवाळ्यात तो त्याच्या देशाला गेला, तो परत आला नाही. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली, कुठल्याशा देशात माणसं पिंजऱ्याचं दार उघडतात आणि एक बीव्हर बाहेर येऊन थबकतो, मग सावकाश पाण्यात शिरतो. माणसं टाळ्या वाजवतात. "बाबा, बघा ना, किती गोड," ती म्हणाली. त्या माणसांत एक लाल तोंडाचा म्हातारा होता. डॉक्टर नव्हता. मी फोन तिच्या हातात दिला आणि विहिरीवर जाऊन तोंड धुतलं.

हमीदाला मी फोनवर थोडंसं सांगितलं होतं, जनावरं मेली म्हणून. ती म्हणाली, "तुमचा काय कसूर त्यात? अल्लाची मर्जी." मी होय म्हणालो. दोन बोटं वर केल्याचं मी तिला सांगितलं नाही. गावातही कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं ते फक्त अबू सालेहला.

अबू सालेह आमचा मुख्य राखणदार. जन्माने बदू, साठीचा, त्या मुलखात उंट चारत वाढलेला. ऑरिक्सचा शेवटचा रानटी कळप त्याच्या बापाने पाहिला होता, आणि मला वाटतं त्यातलं एखादं मारलंही होतं, कारण ती गोष्ट तो नेहमी अर्ध्यावर सोडायचा. मेलेली जनावरं गोळा करून खड्ड्यात टाकायचं काम आम्हा दोघांकडे आलं. कुंपणाच्या कडेने पिकअप सावकाश चालवायची, थांबायचं, उतरायचं, उचलायचं, पुन्हा चालवायची. तीच माझी रोजची वाट. वास सहन होत नव्हता, म्हणून त्याने मला त्याच्या डोक्याच्या रुमालाचा अर्धा भाग फाडून नाकाला बांधायला दिला होता. तिसऱ्या दिवशी माझ्याने राहवलं नाही.

"अबू सालेह," मी म्हणालो, "डॉक्टरने ट्रक थांबवले ते माझ्यामुळे. मी सांगितलं होतं, दोन दिवसांत पाऊस येईल."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी पाण्याच्या टाकीमागेच नमाजासाठी हातपाय धूत, वुजू करत होतो. ऐकलं मी."

"मग तू बोलला का नाहीस? तुला तर इथलं आभाळ माहीत!"

त्याने नाकावरचा रुमाल खाली ओढला. मग म्हणाला, "डॉक्टर आधी माझ्याकडे आला होता. मी त्याला सांगितलं, ढग कुणाचा नसतो, तू ट्रक बोलाव. मग तो तुझ्याकडे गेला."

"मग माझं ऐकलंस तेव्हा येऊन सांगायचंस ना, की हा मूर्ख आहे म्हणून!"

"तू दोन बोटं अशी वर केलीस, इब्राहिम," त्याने करून दाखवलं. "इतक्या खात्रीने. मला वाटलं, हा पावसाच्या मुलखातला माणूस, ह्याला कळत असेल. दोन वर्षं मी ह्या जनावरांना सुकताना बघतोय. त्या सकाळी मला तुझं खरं वाटून घ्यायचं होतं."

मी पिकअप थांबवली. पुढचं जनावर मादी होती, जाळीला तोंड टेकून पडलेली. त्याने शिंगं धरली, मी मागचे पाय धरले. ती इतकी हलकी झाली होती की दोघांची गरज नव्हती. तरी आम्ही दोघांनी मिळून तिला उचललं.